मतदार सतरंजीवर बसतो

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि जुलैत, व्हरांड्यात छत्र्या निथळायला लागल्या की, निवडणुकीची सूचना फळ्यावर येते. काही शाळांत तिला विद्यार्थी परिषद म्हणतात. इंग्रजी माध्यमात हेड बॉय आणि हेड गर्ल असतात, त्यांना खांद्यावरून तिरका पट्टा मिळतो. आमच्या मराठी शाळेत मात्र थेट मंत्रिमंडळ. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पाणीपुरवठामंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री. आरोग्यमंत्र्याने सोमवारी नखं तपासायची. पाणीपुरवठामंत्र्याने टाकीचं झाकण जागेवर आहे का ते बघायचं. सहलमंत्र्याला वर्षातून एक दिवस काम, तरी त्या खात्यावर सगळ्यांचा डोळा. शिस्तमंत्री व्हायला कोणीच तयार नसतं, त्यामुळे ते खातं परंपरेने शाळेतल्या सर्वांत व्रात्य मुलाच्या गळ्यात पडतं आणि तो ते चोख सांभाळतो, कारण गुन्हे कुठे घडतात हे त्याला आधीपासून माहीत असतं. अर्थमंत्री नसतो. कपाटाची किल्ली हेडसरांकडे असते.

मी शिक्षक आहे, म्हणजे निवडणुकीतला सराईत माणूस आहे. देशात, राज्यात कुठलीही निवडणूक लागली की इलेक्शन ड्यूटीची ऑर्डर आमच्या हातात पडते. आमच्याच पाचवी ‘ब’च्या वर्गातले बाक भिंतीला लावून मतदान केंद्र उभं राहतं. पहाटे अंधारात उठून किमान ५० मतांचा मॉक पोल घ्यायचा, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते की नाही ते बघायचं, संध्याकाळी १७-सीचा फॉर्म भरायचा आणि रात्री साहित्य जमा करायला रांगेत उभं राहायचं. शाळेची निवडणूक त्याच वर्गात, त्याच बाकांवर होते. फरक एवढाच की दाराशी पोलीस नसतो आणि भत्ता मिळत नाही.

बाकी सगळं साग्रसंगीत. मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप आलंय. बटण दाबलं की लांबलचक ‘बीप’ वाजते आणि पाचवीतला मतदार दचकून विचारतो, “सर, पडलं का मत?” खऱ्या निवडणुकीची न पुसणारी शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते, आमची कला शिक्षकांच्या ड्रॉवरमधून, जांभळ्या मार्करच्या रूपात. ती डाव्या तर्जनीवर लागली की मतदार तो दिवस तो हात धुवायला तयार नसतो. घटनादुरुस्ती होऊन १९८९ साली देशातलं मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. आमच्याकडे ते पाचवीपासूनच आहे. दहावीला मतदानाचा हक्क आहे, उमेदवारीचा नाही. बोर्डाचं वर्ष!

एक गोष्ट मात्र मुळातच वेगळी. खऱ्या निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. माणसाने घरी बसून शांतपणे विचार करावा, अशी कायद्याची अपेक्षा. आमच्याकडे परिपाठानंतर भाषणं, आणि पुढच्याच तासाला मतदान. शेवटचं वाक्य कानात असतानाच बोट बटणावर जातं. त्यामुळे देशात भाषणाने किती मतं फिरतात ते पंडितांनी सांगावं. शाळेत भाषणाने निवडणूक फिरते, आणि ती फिरताना मी दरवर्षी स्टेजच्या कोपऱ्यातून, हातात घड्याळ धरून बघतो.

स्टेजवर काय दिसतं ते सांगतो. एका बाजूला खुर्च्या. त्यांवर हेडसर, पर्यवेक्षक, संस्थेचे कोणीतरी सन्माननीय सदस्य आणि त्यांच्यासमोर पाण्याची बाटली. खाली सतरंजी. तिच्यावर पाचवी ते दहावी, मांडी घालून, मुलींची रांग वेगळी, मुलांची रांग वेगळी. सतरंजी थोडी दमट असते. पायाला मुंग्या आलेल्या असतात. पुढच्याच्या पाठीवर पेनाने काहीतरी लिहायचं काम चालू असतं. खुर्चीवरच्या एकालाही मत नाही. झाडून सगळी मतं सतरंजीवर आहेत. इतका साधा हिशेब, पण स्टेजवर चढलेला उमेदवार तोंड खुर्च्यांकडे करतो.

सुरुवातच बघा. “सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान आदरणीय मुख्याध्यापक, वंदनीय पर्यवेक्षक, माझे पूज्य गुरुजनवर्ग, शिक्षकेतर कर्मचारी वृंद…” असं करत करत, सगळ्यात शेवटी, श्वास संपत आला की “आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो.” मतदार यादीत शेवटी! मग “मी आज आपल्यासमोर दोन शब्द सांगणार आहे, ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्याल अशी नम्र विनंती.” दोन शब्दांची धमकी मिळाली की सतरंजी जाणकारपणे मांडी बदलते.

यात पोरांचा दोष नाही. महाराष्ट्रातल्या मुलाला भाषण म्हणून एकच गोष्ट माहीत असते, ती म्हणजे पुण्यतिथी. १ ऑगस्टला लोकमान्य टिळक. त्याने पहिलीपासून पाठ केलेलं, तोंडात सुपारीसारखं घोळवलेलं ते भाषण अंगात इतकं मुरलेलं असतं की निवडणुकीतही तेच बाहेर येतं. एके वर्षी स्वच्छतामंत्रिपदाचा उमेदवार ‘शाळा स्वच्छ ठेवू’पर्यंत व्यवस्थित आला आणि पुढचं विसरला. पाठांतरात अडकलं की पोरगं जवळात जवळचा ओळखीचा रस्ता धरतं. त्याने छाती पुढे काढली, मूठ वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही!” खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वच्छता खात्याचा हा जाहीरनामा ऐकून सतरंजीवरून फक्त एक आवाज आला : “मग उचलणार कोण?” तो पडला.

दुसरा प्रकार पप्पांच्या भाषणाचा. पप्पा पतसंस्थेत किंवा ग्रामपंचायतीत असले की ते आदल्या रात्री हे काम स्वतःकडे घेतात. मग तेरा वर्षांचं पोर माइकसमोर येऊन “गेल्या अनेक वर्षांत विकासकामं रखडली आहेत” असं म्हणतं. त्याला शाळेत येऊन तीन वर्षं झालेली असतात. “हा सामान्य माणसाचा लढा आहे” या वाक्यावर तो थांबतो, कारण कागदावर पप्पांनी तिथे कंसात ‘टाळ्या’ असं लिहिलेलं असतं. एकदा एकाने कंसातलंही वाचून दाखवलं. टाळ्या मात्र जोरात पडल्या. अशा उमेदवाराचा फ्लेक्सही लागतो. शाळेच्या फाटकाबाहेर, वडापावच्या गाडीच्या वर, गॉगल घातलेला फोटो, ‘भावी मुख्यमंत्री’ आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत काका, मामा, आत्या आणि समस्त सातवी ‘अ’. महाविद्यालयांतल्या निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराला ५,००० रुपयांची मर्यादा घातली आणि छापील पोस्टर बंद करून हाताने बनवलेलीच चालतील असं ठरवलं. शाळेतली पोरं स्केचपेनने आणि खळीने हा नियम कधीपासून पाळत होती. मोडला तो पालकांनी.

हल्ली तिसरा प्रकार आलाय. मोबाइलला सांगायचं, ‘शाळेच्या निवडणुकीत जिंकणारं भाषण लिहून दे.’ तो तत्परतेने लिहून देतो. असं भाषण मला पहिल्या ओळीत ओळखू येतं, कारण त्यात शाळेला ‘शैक्षणिक प्रवास’ म्हणतात आणि तीन-तीन गोष्टी एका दमात येतात. गेल्या खेपेला चार उमेदवारांनी एकामागोमाग “एकत्र येऊया, एकत्र घडवूया, एकत्र पुढे जाऊया” असं म्हटलं. चौथ्याच्या वेळी सतरंजीने ते त्याच्याआधीच म्हणून टाकलं. त्यातल्या एकीला ‘सर्वसमावेशकता’ हा शब्द तीनदा प्रयत्न करूनही आला नाही, शेवटी ती म्हणाली, “म्हणजे सगळ्यांना घेऊन.” त्या तीन शब्दांना मात्र टाळी मिळाली. तिने तिथेच कागद खाली ठेवला असता तर निवडून आली असती. पण कागदावर अजून दोन परिच्छेद होते.

चौथा प्रकार घोषणांचा. ‘ताई, माई, अक्का’पासून सुरू होणारी घोषणा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिचा शेवट शिक्क्यावर होतो. मतपत्रिका गेल्या, शिक्के गेले, यंत्रं आली. घोषणेतला शिक्का जागचा हलला नाही, कारण अक्काला बटण जुळत नाही. ही घोषणा देताना मुलगा पूर्ण भरात येतो आणि ती संपली की त्याच्याजवळ सांगायला काही उरत नाही. तो तसाच उभा राहतो, मग नमस्कार करतो आणि उतरतो. लक्षात राहतो, पण त्याचं चिन्ह लक्षात राहत नाही. चिन्हं आम्ही चिठ्ठ्या टाकून देतो : फुगा, बॅट, पतंग, कपबशी, डस्टर. डस्टर मिळालेला उमेदवार तिथेच अर्धा खचतो.

आणि पाचवा, सगळ्यांत गर्दीचा प्रकार म्हणजे आश्वासनांचा. पी.टी.चा तास रोज. मधल्या सुट्ट्या दोन. शनिवारी दप्तर नको. गृहपाठ बंद. वास्तविक अशी आश्वासनं भाषणात येऊच नयेत म्हणून आदल्या दिवशी वर्गशिक्षक कागद तपासतात. ‘सुट्टी’ खोडून ‘शिस्त’ करतात, ‘गृहपाठ बंद’ खोडून ‘गृहपाठ वेळेवर’ करतात. उमेदवार मान डोलावतो आणि स्टेजवर जाऊन मूळचंच म्हणतो. पण गंमत अशी की दोन मधल्या सुट्ट्यांच्या घोषणेवर प्रचंड टाळ्या पडतात, शिट्ट्या पडतात, आणि मतं पडत नाहीत. पहिली काही वर्षं मला याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही. टाळी आणि मत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या वयात पक्कं ठाऊक असतं. टाळी करमणुकीची असते. मत द्यायच्या वेळी मतदार मनात विचारतो, “ह्याने माझी कर्कटकपेटी परत दिली होती का?”

कारण हा मतदार उमेदवाराला नुसता ओळखत नाही, त्याची अख्खी कुंडली जाणतो. विधानसभेच्या, लोकसभेच्या उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं होतं. आमच्याकडे प्रतिज्ञापत्राची गरज पडत नाही. कोणाची डब्यातली चटणी कोण संपवतो, बॅटिंग झाली की कोण घरी जातो, कोणाचं प्रकरण हेडसरांच्या केबिनमध्ये प्रलंबित आहे, हे पाचवी ‘ब’लाही तोंडपाठ असतं. चिंचा, बोरं, आवळासुपारी वाटून काही होत नाही. पोरं ती खातात आणि खुशाल दुसऱ्याला मत देतात. लाच घेऊनही निर्णय स्वतंत्र ठेवण्याची ही ताकद मोठेपणी कुठे जाते कोण जाणे.

शिक्षकांच्या खोलीत यावर दरवर्षी वाद होतो. वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिला आलेला मुलगा उभा असतो, सगळ्या बाई आणि सर छातीठोकपणे सांगतात की हाच येणार, आणि तो हटकून पडतो. “काय उच्चार! काय हावभाव! पोरांना काही कळत नाही,” असं मराठीच्या बाई चहा ढवळत म्हणतात. पण वक्तृत्व स्पर्धेचे गुण विषय, मांडणी, उच्चार आणि हावभाव यांना असतात आणि ते देणारे परीक्षक खुर्चीवर बसलेले असतात. तो बिचारा वर्षानुवर्षं खुर्च्यांना जिंकत आलेला असतो. सतरंजीकडे बघून बोलायला त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

जिंकणारं भाषण कसं असतं, हे मी एकदा अगदी जवळून ऐकलं. नववीतली मुलगी, मुख्यमंत्रिपदाची उमेदवार. स्पर्धेत कधी भाग घेतलेला नाही. परिपाठात सुविचार सांगायची पाळी आली की आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. तिच्या आधी तालुक्यात पहिला आलेला मुलगा पावणेपाच मिनिटं बोलून गेला होता. हिची पाळी आली तेव्हा माइक हेडसरांच्या उंचीला होता. शिपाई तो खाली करायला निघाला, पण पेच घट्ट बसला होता. तिने क्षणभर वाट बघितली, मग माइक सोडून स्टेजच्या दोन पायऱ्या उतरली आणि सतरंजीच्या काठावर येऊन उभी राहिली. पाठ खुर्च्यांकडे. पर्यवेक्षकांनी भुवई वर केली.

“नमस्कार,” ती म्हणाली. “मधल्या सुट्टीत प्यायच्या पाण्याला पाच नळ आहेत. त्यातले दोन चालू आहेत.”

सतरंजीवरची खुसखुस थांबली.

“पाचवी-सहावीचा नंबर येईपर्यंत घंटा होते. मग ते तसेच वर्गात जातात आणि विचारतात, पाणी पिऊन येऊ का? मग सर म्हणतात, इतका वेळ सुट्टीत काय करत होतास?”

हसण्याची लाट पाचवीतून निघाली आणि दहावीपर्यंत गेली. दोन सरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातला एक मी.

“मी हेडसरांना विचारलं, नळ कधी दुरुस्त होणार? हेडसर म्हणाले, बघू.” ती जरा थांबली. “असं आपल्या घरी पण म्हणतात.”

आता जे हसू फुटलं त्यात खुर्च्याही सामील झाल्या. हेडसरांना हसावं की न हसावं कळेना, म्हणून त्यांनी पाण्याची बाटली उचलली; आणि मग विषय पाण्याचाच चालला आहे हे लक्षात येऊन परत ठेवली.

“मी निवडून आले तर दर सोमवारी विचारीन. नळ दुरुस्त करणं माझ्या हातात नाही. विचारणं आहे. एवढंच.”

ती गेली आणि मुलींच्या रांगेत बसली. मी घड्याळ बघितलं, एक मिनिटही झालं नव्हतं. तिचं चिन्ह डस्टर होतं.

ती निवडून आली. पाचवी आणि सहावी, म्हणजे नळाशी सर्वांत मागे उभे राहणारे दोन्ही वर्ग, तिच्या मागे गठ्ठ्याने गेले. मराठीच्या बाई म्हणाल्या, “पण हे भाषणच नव्हतं. सुरुवात नाही, समारोप नाही, एक म्हण नाही.” बाईंचं खरं होतं. उदाहरण नाही, थोर पुरुष नाही, ‘मी निवडून आले तर सर्वांगीण विकास’ नाही. तिने मतदारांना आपल्याबद्दल काही सांगितलंच नाही. सगळं त्यांच्याबद्दल सांगितलं, आणि तेही त्यांना आधीपासून माहीत असलेलं. तहान लागलेल्या माणसाला कोणी म्हणालं, तुला तहान लागली आहे, तर तो त्याला आपला माणूस समजतो. पुढे पाणी देणारा आला तरी तो पहिल्यालाच धरून राहतो. आणि आश्वासन तिने असं दिलं की ते मोडणंच अवघड. नळाचं दिलं असतं तर ते हेडसरांच्या, संस्थेच्या आणि प्लंबरच्या मर्जीवर गेलं असतं. सोमवार तर दर आठवड्याला येतो.

खरं तर मतदान सुरू असतानाच हेडसरांनी क्लार्कला प्लंबरला फोन लावायला सांगितलं. उमेदवाराच्या कामाची सुरुवात मतदान चालू असताना झाली तर तो आचारसंहितेचा भंग होतो का, हे इलेक्शन ड्यूटीच्या कुठल्याच प्रशिक्षणात मला सांगितलेलं नाही. प्लंबर “उद्या येतो” म्हणाला. त्यामुळे तिच्या सोमवारांना तोटा पडला नाही.

पराभूतांचं काय, असं कोणी विचारेल. लोकसभेत, विधानसभेत एकषष्ठांशापेक्षा अधिक मतं मिळाली नाहीत की अनामत रक्कम जप्त होते. आमच्याकडे त्याऐवजी उपमंत्रिपद मिळतं. कोणी रडत घरी जाऊ नये, पालकांचा फोन येऊ नये, म्हणून जितके उमेदवार तितकी खाती काढली जातात. वक्तृत्ववाला सांस्कृतिक मंत्री होतो. टरफलंवाला वृक्षसंवर्धन बघतो. पप्पांच्या भाषणवाल्याला प्रसिद्धी खातं मिळतं, कारण त्याच्या घरी फ्लेक्स छापायची ओळख असते. विरोधी पक्ष म्हणून कोणी उरतच नाही. हे राज्यात घडतं तेव्हा आपण संपादकीय लिहितो.

मग शपथविधी. हेडसर एकेक वाक्य सांगतात, मंत्रिमंडळ हात पुढे करून एका सुरात म्हणतं. कोणाची तरी आई पेढे घेऊन आलेली असते. छातीवर बॅज लागतो, त्याची पिन टोचते, आणि लोकशाहीचा उत्सव संपवून सगळे चौथ्या तासाला वर्गात येतात. चौथ्या तासाचे सर आलेले नसतात, कारण ते यंत्राचा मोबाइल चार्जिंगला लावत असतात. वर्गात एकच कल्ला होतो. शेजारच्या वर्गातून बाई डोकावतात, नव्या मुख्यमंत्र्याच्या हातात खडू देतात आणि पहिलं शासकीय काम सांगतात : बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. पुन्हा बोलला तर पुढे फुली.

बोलून निवडून आलेला माणूस मग बोलणाऱ्यांची यादी करायला लागतो. आणि दरवर्षी, कोणीही निवडून आलेलं असो, पहिलं नाव प्रचारप्रमुखाचं असतं. पुढे तीन फुल्या.